समुद्री स्पंज आणि विषाणूंवरील औषधे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (विद्यार्थिनी, अमळनेर) : स्पंजापासून विषाणूंवरील औषध नेमके कसे मिळाले?

उत्तर : 1950च्या सुमारास वर्नर बर्गमन व रॉबर्ट फीनी यांनी फ्लोरिडाजवळच्या समुद्रातील एका स्पंजातून स्पाँगोथायमिडिन आणि स्पाँगोयुरिडिन ही संयुगे वेगळी केली. आपल्या न्यूक्लिओसाइडांत, म्हणजे डीएनए व आरएनए ज्यांपासून बनतात त्या घटकांत, रायबोज किंवा डीऑक्सिरायबोज ही शर्करा असते. या संयुगांत मात्र अरॅबिनोज होती. त्याच धर्तीवर रसायनशास्त्रज्ञांनी विडाराबिन हे औषध तयार केले. पेशीत त्याला तीन फॉस्फेट जोडले गेले, की हर्पीस विषाणूचे विकर (एन्झाइम) त्याला नेहमीचा घटक समजून डीएनएच्या साखळीत ओवू लागते आणि साखळीची बांधणी अडखळते. अमेरिकेत त्याला 1976 मध्ये मान्यता मिळाली. ते पाण्यात जेमतेम विरघळते आणि शरीरात लवकर निष्प्रभ होते, म्हणून पुढे अॅसायक्लोव्हिरने त्याची जागा घेतली. तरीही विषाणूच्या विकरावर नेम धरता येतो, हा विश्वास त्यानेच दिला, असे मला ठामपणे वाटते. याच धर्तीचे सायटाराबिन रक्ताच्या कर्करोगावर आजही दिले जाते.

प्रश्न (शिक्षक, धुळे) : स्पंजाच्या अर्काने विषाणूची वाढ थांबली, म्हणजे औषध सापडले का?

उत्तर : नाही. बशीतील पेशींच्या थरावर विषाणू सोडला, की मेलेल्या पेशींच्या जागी फिकट ठिपके उमटतात आणि अर्क घातल्यावर ते किती घटले हे मोजतात. त्याच वेळी दुसऱ्या बशीत विषाणू न सोडता फक्त अर्क घालून पेशी जगतात का, हेही पाहावे लागते. विषाणू पेशीच्याच यंत्रणेवर वाढत असल्याने पेशीला मारणारे विषही विषाणूला थांबवते, आणि बहुतेक अर्क याच कसोटीवर बाद होतात.

प्रश्न (वाचक, शहादा) : मग स्पंज समुद्रातून उपसावे लागतील का?

उत्तर : तसे करणे परवडणारे नाही आणि योग्यही नाही. जपानमध्ये 600 किलो स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी हे कर्करोगविरोधी संयुग अवघे 12.5 मिलिग्रॅम मिळाले होते. म्हणून रेणूची रचना उलगडून तो प्रयोगशाळेत घडवणे, हाच मार्ग आहे.

प्रश्न (केळी उत्पादक, रावेर) : ही औषधे केळीच्या हरण्या रोगावर चालतील का?

उत्तर : नाही. हरण्या रोग ज्याने होतो तो सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा आरएनए विषाणू आहे, तर विडाराबिन डीएनए विषाणूंवर काम करते. रोगट झाडे मुळासकट उपटून नष्ट करावीत, मावा आटोक्यात ठेवावा आणि केळीत काकडीवर्गीय आंतरपीक घेऊ नये.