जुने खिळे आणि कॉम्प्युटरवरचं चित्र, एकाच पोस्टरवर

प्रश्न: काकांच्या बंद प्रेसमधले लाकडी खिळे (छपाईच्या अक्षरांचे ठोकळे) आणि ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईचं मशीन) मिळालंय. नाटकाच्या पोस्टरला अक्षरं खिळ्यांची आणि मी कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र, असं एकत्र छापता येईल का?

उत्तर: येईल की! चित्राची पूर्ण काळ्या-पांढऱ्यात फाइल करून निगेटिव्ह फिल्म काढा, तिच्यावरून फोटोपॉलिमर प्लेट बनते, यूव्ही लाइट लागतो तो भाग कडक होतो आणि बाकीचा पाण्याने धुऊन निघतो, म्हणून केसासारख्या बारीक रेषा टाळा, त्या धुताना जातात. प्लेटवर चित्र उलटं दिसायला हवं, हे ऑर्डर देतानाच बोलून घ्या. खरी कटकट उंचीची. इंग्लिश मापाचा खिळा ०.९१८ इंच, म्हणजे साधारण २३.३ मिलीमीटर, तेव्हा प्लेट, चिकटवायची टेप आणि खालचा बेस मिळून तेवढंच भरलं पाहिजे. जुने लाकडी खिळे झिजलेले असतात, त्यांच्याखाली पातळ कागद लावत बसावं लागतं. माझं विचाराल तर दोन्ही एकदम छापूच नका, चित्र एका रंगात, ते वाळलं की अक्षरं दुसऱ्या रंगात, म्हणजे दाब वेगवेगळा ठेवता येतो. आणि खिळे पाण्याने धुऊ नका हां, लाकूड फुगतं, रॉकेलचा बोळा फिरवा.