फ्रेंच राज्यक्रांती १७८९ सालीच का झाली आणि तिच्यातून हाती काय लागलं?

विषमता, सरंजामी जाच, दरबाराची उधळपट्टी हे सगळं शंभर वर्षं आधीही होतं, मग स्फोट १७८९ सालीच का झाला, आणि शेवटी निष्पन्न काय झालं, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते त्याची किल्ली सरकारी कर्जात आहे. क्रांतीला तोंड फुटलं ते कर्जामुळे, आणि पुढची बरीचशी वळणंसुद्धा ते कर्ज फेडण्याच्या पद्धतीतूनच आली.

आकडे बघा. १७८८ साली फ्रान्स सरकारचा खर्च सुमारे ६३ कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) होता आणि उत्पन्न जेमतेम ५० कोटी. खर्चातली निम्मी रक्कम जुन्या कर्जापोटीच जात होती. राणीच्या दागिन्यांची चर्चा फार होते, पण सगळ्या दरबाराचा खर्च एकूण खर्चाच्या सहा टक्क्यांच्या आसपास होता; तो पूर्ण बंद केला असता तरी तोंडमिळवणी झाली नसती. खरा बोजा युद्धांचा होता. एकट्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला एक अब्जाहून जास्त लिव्र लागले, आणि ते मुख्यतः कर्ज काढून उभे केले. त्यात अर्थमंत्री नेकरने १७८१ साली जो जमाखर्च छापला त्यात युद्धाचा खर्च धरलाच नाही आणि एक कोटीची शिल्लक दाखवली. पुढच्या मंत्र्यांनी तूट आहे म्हटलं की लोक विचारायचे, मग ती शिल्लक गेली कुठे?

इंग्लंडवरही डोंगराएवढं कर्ज होतं. पण तिथे कर्जामागे पार्लमेंट उभं होतं, म्हणून ते कमी व्याजात मिळायचं. फ्रान्समध्ये हमी फक्त राजाच्या शब्दाची, आणि राजांनी आधी सावकारांना बुडवलेलं होतं. साहजिकच व्याजाचा दर चढा.

मग कर का वाढवले नाहीत? कारण कर वाढवायचे तर सवलती मोडायला हव्या होत्या. मुख्य प्रत्यक्ष करातून सरदार सुटलेले, चर्च आपल्या मर्जीने ठरवून रक्कम देणार, मिठावरच्या करातून ब्रिटनी प्रांत मोकळा तर शेजारी तेच मीठ कित्येक पट महाग, आणि अप्रत्यक्ष करांची वसुली ठेका घेतलेल्या खासगी इजारदारांकडे. शिवाय राजाचा हुकूम पॅरिसच्या उच्च न्यायालयाने, म्हणजे पार्लमांने, नोंदवून घ्यावा लागे. तिथले न्यायाधीश पद विकत घेऊन बसलेले आणि स्वतः सवलतदार. मंत्री कालोनने १७८७ साली सर्व जमिनींवर सरसकट कर सुचवला. त्यासाठी बोलावलेल्या १४४ मान्यवरांनी तो उडवून लावला. पार्लमांने म्हटलं, असा कर मंजूर करण्याचा अधिकार फक्त धर्मगुरू, सरदार आणि बाकी सगळी जनता (तिसरा वर्ग) अशा तिन्ही वर्गांच्या सभेला, इस्टेट्स जनरलला. ती शेवटची भरली होती १६१४ साली. अखेर ८ ऑगस्ट १७८८ रोजी राजाने ती सभा जाहीर केली. दोनच दिवसांनी टिपू सुलतानाचे वकील इंग्रजांविरुद्ध मदत मागायला व्हर्सायच्या दरबारात मोठ्या थाटात हजर झाले, आणि १६ ऑगस्टला त्याच सरकारने सावकारांना रोख रक्कम देणं थांबवलं. मदत का मिळाली नाही हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे १७८९ च्या आधी राजसत्ता आपल्याच वरच्या वर्गाशी भांडून हरलेली होती. जनता त्यानंतर मैदानात उतरली, आणि उतरली ती पावामुळे. १३ जुलै १७८८ रोजी गारपिटीने उभं पीक झोडपलं, त्यावर कडाक्याचा हिवाळा आला. पॅरिसमध्ये चार पौंड वजनाचा पाव एरवी नऊ सूच्या (वीस सू म्हणजे एक लिव्र) आत मिळायचा. फेब्रुवारी १७८९ मध्ये तो साडेचौदा सूवर गेला. मजुराची दिवसाची कमाई २० ते ३० सू, आणि चार माणसांच्या घराला रोज असे दोन पाव लागत. म्हणजे तीस सू कमावणाऱ्याकडे संध्याकाळी एक सू उरायचा. घरभाडं, सरपण, कपडे कशातून? कपडा कोणी घेईना म्हणून विणकरांचे माग बसले, आणि १७८६ च्या तहानंतर स्वस्त इंग्रजी कापड येत होतंच. महागाई आणि बेकारी एकाच वेळी आली.

त्याच महिन्यांत सभेत मतदान कसं करायचं हा वाद पेटलेला होता. प्रत्येक वर्गाला एक मत धरलं की धर्मगुरू आणि सरदार मिळून तिसऱ्या वर्गाला कायम दोनास एक हरवणार. तिसऱ्या वर्गाने १७ जून १७८९ रोजी स्वतःला राष्ट्रीय सभा घोषित केलं. ११ जुलैला राजाने, पुन्हा मंत्रिपदावर आणलेल्या नेकरला काढलं. सरकारी रोखे बाळगणाऱ्या सधन पॅरिसकरांना यात दिवाळखोरी दिसली, गरिबांना उपासमार. दोघे एकाच रस्त्यावर आले. १४ जुलैला लोक बॅस्टिल या किल्लेवजा तुरुंगावर गेले ते मुख्यतः दारूगोळ्यासाठी, आत कैदी होते अवघे सात. निर्णायक ठरलं ते ‘फ्रेंच गार्ड्स’ या राजाच्याच पलटणीचे सैनिक तोफा घेऊन लोकांना मिळणं. सैन्य गोळी झाडेल याची खात्री नसलेला राजा कितीही हुकूम काढो, ते कागदावरच राहतात.

खेड्यांत लोक सरदारांच्या गढ्यांवर चालून गेले आणि कुळांची देणी नोंदलेली दप्तरं त्यांनी जाळली. नेमकी दप्तरंच, कारण पुरावा गेला की मागणी गेली. ४ ऑगस्टच्या रात्री सभेने सरंजामशाही रद्द केली असं पुस्तकांत असतं, ते अर्धंच खरं आहे. जमिनीवरची देणी मोबदला देऊन सोडवायची होती: रोख देणं असेल तर वर्षाच्या रकमेच्या वीसपट, धान्याचं असेल तर पंचवीसपट. एवढे पैसे कुळांकडे कुठले? त्यांनी देणं सरळ बंद केलं, आणि १७ जुलै १७९३ रोजी ती देणी मोबदल्याविना रद्द झाली.

आता कर्जाकडे परत येतो. राष्ट्रीय सभेला ‘हे राजाचं कर्ज, आमचं नव्हे’ म्हणता आलं असतं. ते तिने म्हटलं नाही. नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली आणि तिच्या भरवशावर ‘असिन्या’ नावाचे कागद काढले, सुरुवातीला ४० कोटी लिव्रचे. विचार चांगला होता: लोक असिन्या देऊन जमीन घेतील आणि परत आलेला कागद जाळून टाकायचा. पण जमीन बारा वर्षांच्या हप्त्यांनी विकली, खर्च मात्र रोजचा; जाळण्यापेक्षा छापणं वाढलं. दुसरीकडे चर्चचं उत्पन्न गेल्यामुळे धर्मगुरूंचे पगार सरकारकडे आले, म्हणून त्यांच्याकडून राज्यघटनेशी निष्ठेची शपथ मागितली. जवळपास निम्म्या पाद्रींनी ती नाकारली. खेडोपाडी फूट पडली, आणि सक्तीच्या सैन्यभरतीनंतर मार्च १७९३ मध्ये पश्चिमेकडच्या वांदे प्रांतात यादवी पेटली ती याच फुटीतून.

१७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध, मग राजेशाहीचा शेवट, जानेवारी १७९३ मध्ये राजा सोळाव्या लुईचा शिरच्छेद. त्या सुमारास असिन्याची किंमत दर्शनी मूल्याच्या निम्मी होती, ऑगस्टपर्यंत पाव हिश्शाच्याही खाली गेली. कमाल भावाचा कायदा (भावांवर सरकारी मर्यादा) आणि ‘दहशत’ (क्रांतीच्या शत्रूंना धरून मृत्युदंड देण्याचा काळ) यांच्या जोरावर वर्षाअखेर ती पुन्हा निम्म्याजवळ आली. दहशतीमागे कट्टरपणा आणि सूड होताच, पण शहरांना धान्य आणि सैन्याला रसद पोचवण्याची सक्तीही होती. न्यायालयांनी सुमारे १७,००० जणांना मृत्युदंड दिला. त्यात सरदार दहा टक्केसुद्धा नव्हते, बहुतेक साधी माणसं होती. भावांवरचं नियंत्रण १७९४ च्या अखेरीस उठलं तसा कागद कोसळला. फेब्रुवारी १७९६ मध्ये छपाईचे साचे पॅरिसमध्ये जाहीरपणे मोडले, आणि पुढच्या वर्षी सरकारने सावकारांना दोनतृतीयांश कर्जावर पाणी सोडायला लावलं. १७८९ मध्ये टाळलेली दिवाळखोरी आठ वर्षांनी आली.

टिकलं काय? करांतल्या जन्मजात सवलती गेल्या, देश ८३ विभागांत मांडला गेला, मुलामुलींना वारसाहक्कात समान वाटा आला. कारागीर-संघांची बंधनं गेली, पण १७९१ च्या कायद्याने कामगारांना एकत्र यायलाही बंदी घातली. गुलामगिरी १७९४ मध्ये रद्द झाली ती हैतीतल्या गुलामांनी उठाव केला म्हणून; नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली. बायकांना मत मिळायला १९४४ उजाडलं. सर्वांत घट्ट बसला तो जमिनीचा बदल. १८१४ मध्ये बूर्बाँ हे जुनं राजघराणं गादीवर परतलं तेव्हा नवा राजा लुई अठरावा याला आपल्या सनदेत लिहून द्यावं लागलं की, विकल्या गेलेल्या राष्ट्रीय जमिनींची मालकी कायम राहील. जमिनी गमावलेल्या सरदारांना १८२५ मध्ये भरपाई मिळाली ती सरकारी रोख्यांत. जमीन घेणाऱ्याकडेच राहिली.