पाण्याला रंग नाही, मग भिंतीवर कुठनं आले?

प्रश्न : रंकाळ्याजवळ राहतो. सकाळचं ऊन फिश टँकच्या कोपऱ्यातनं आलं की भिंतीवर रंगीत पट्टा पडतो, असं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रंग पाण्याचे नव्हेतच, उन्हातलेच हायत. हवेतनं पाण्यात जाताना उजेडाचा स्पीड कमी होतो आणि तिरका शिरला की तो वळतो, पण सगळे रंग सारखे नाही वळत, जांभळा जास्त स्लो होतो म्हणून जास्त वळतो, लाल सगळ्यात कमी. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती स्लो होतो ते सांगणारा आकडा, लालला साधारण १.३३, जांभळ्याला १.३४, म्हणजे फरक अगदी चिल्लर, पण भिंतीपर्यंत जाता जाता पट्टा पसरतो की. समोरासमोरच्या काचांतनं ऊन आरपार गेलं तर सगळे रंग परत समांतर होतात, त्यामुळं काही दिसत नाही, तुमच्या कोपऱ्यातल्या काचा मात्र समांतर नाहीत, म्हणून तो चक्क प्रिझम (रंग वेगळे करणारी तिकोनी काच) झालाय! टँक जरा फिरवून बघा, पट्टा सरकेल.