नवऱ्याच्या पश्चात सासरच्या जमिनीत आणि घरात विधवेचा हक्क किती?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी एका जागी मांडतो. नवरा जाऊन आठ महिने झाले, मृत्युपत्र नाही. एक मुलगा, एक मुलगी, दोघं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील. सासू-सासरे आहेत, दीर एक, नणंद नाही. चार एकर वडिलोपार्जित जमीन सासऱ्यांच्या नावावर, राहतं घर सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, आणि गावठाणालगतचा एक प्लॉट तुमच्या नवऱ्याच्या नावावर. दीर हक्कसोडपत्र घेऊन आलेत आणि म्हणतात, उद्या दुसरं लग्न केलंस तर तसंही काही मिळणार नाही.

सही करू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी वकील नाही, निवृत्त तलाठी आहे. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी, लिहिण्यात नोकरी गेली. सुरुवातीच्या वर्षांत वारस नोंदीला चावडीत पुरुष माणसं यायची. थोरल्याचं नाव ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून कब्जेदार सदरी, म्हणजे सातबाऱ्यावरच्या मालकाच्या रकान्यात लागायचं आणि विधवेचं, मुलींचं नाव ‘इतर हक्कात’, बाजूच्या दुय्यम रकान्यात. मीही तसं लिहिलंय. जिचं नाव लिहायचं ती बाई बाहेर पायरीवर बसलेली असायची, आत बोलवायचं कुणाला सुचायचं नाही, मलाही नाही. म्हणून असा प्रश्न दिसला की हात आपोआप उत्तर लिहायला घेतो.

तुमच्या तिन्ही मिळकतींचा हिशेब वेगवेगळा आहे. लोक सगळं एकात कालवतात आणि तिथेच फसतात.

प्लॉट सगळ्यात सोपा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मयताचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे विधवा, मुलं, मुली आणि आई. म्हणजे तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई, चौघांना चार-चार आणे, म्हणजे प्रत्येकी पाव हिस्सा. सासूबाईंचा वाटा ऐकून बायका दचकतात, पण तो आहे. सासरे आणि दीर मात्र या यादीत नाहीत. तुमचा चार आणे हिस्सा पूर्ण मालकीचा, जुन्या काळासारखा हयातीपुरता नव्हे. मुलांचा हिस्सा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुम्हालाही विकता येणार नाही, हे त्यांच्या भल्याचंच आहे.

आता जमीन. इथे आधी एक गोष्ट शोधा: सासऱ्यांकडे ती आली कशी? ती आजेसासऱ्यांची स्वकष्टाची असेल आणि ते 17 जून 1956 नंतर वारले असतील, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1986 च्या निकालाप्रमाणे ती सासऱ्यांची स्वतःची मिळकत धरली जाते, गाव तिला कितीही ‘वडिलोपार्जित’ म्हणो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार काढा. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक वर्तुळात किंवा कंसात असतात, त्यांचा माग काढत मागे जायचं.

जमीन खरोखर एकत्र कुटुंबाची निघाली, तर नवरा वारला त्याच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं कायदा मानतो. चार एकर म्हणजे 160 गुंठे. सासरे, सासूबाई, तुमचा नवरा आणि दीर, प्रत्येकी 40. नवऱ्याच्या 40 गुंठ्यांत तो, तुम्ही आणि दोन मुलं, प्रत्येकी 10. मग त्याचे 10 गुंठे पुन्हा चार वारसांत अडीच-अडीच. म्हणजे तुमचे साडेबारा, मुलांचे साडेबारा-साडेबारा, आणि सासूबाईंना या बाजूने अडीच. विधवेला असा दोन्हीकडून, वाटपातला आणि वारसाचा, वाटा मिळतो हे 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरवलं. थोडक्यात, दीर ज्या कागदावर सही मागतायत तो साडेबारा गुंठ्यांचा आहे, आणि मुलांची नावंही त्यात घातली असतील तर साडेसदतीस गुंठ्यांचा. शिवाय प्लॉट.

एक अडचण सांगून ठेवतो. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आणि ते हयात, त्यामुळे या जमिनीला वारस नोंद लागणार नाही. तलाठी ‘माझ्याकडे काही होत नाही’ म्हणाला तर तो खोटं बोलत नाहीये. इथे सगळ्यांच्या संमतीने वाटप, नाहीतर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि सोबत विक्रीला मनाई मागायची.

घरात आज तुमची मालकी नाही. सासरे मृत्युपत्राने ते कुणालाही देऊ शकतात. न देता गेले तर तुमच्या नवऱ्याच्या शाखेचा एक वाटा तुम्हा तिघांत येतो. पण मालकी नाही म्हणजे राहण्याचा हक्क नाही, असं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालात आलं आणि 2022 चा निकाल तर एका विधवेच्याच बाजूने आहे. कायद्याच्या मार्गाशिवाय तुम्हाला बाहेर काढता येत नाही. कुणी सामान बाहेर टाकायची भाषा केली तर या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, तिथून अर्ज न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो.

दुसऱ्या लग्नाची भीती 1856 च्या कायद्यातून आलेली आहे. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याची मिळकत सोडावी लागे, ही अट त्यात होती. आज नवऱ्याकडून मिळालेला वाटा पुनर्विवाहाने जात नाही. सासऱ्यांकडून पोटगी चालू असेल तर ती मात्र बंद होते. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, चांगलंच झालं. मला वाटतं तशाच एखाद्या ग्रामसभेने वर्षभरातल्या वारस नोंदी वाचून दाखवाव्यात, कुणाचं नाव कुठल्या रकान्यात गेलं ते.

आता कामाचं. प्लॉटच्या वारस नोंदीचा अर्ज या आठवड्यात द्या, ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही होतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा लागेल. खबर तीन महिन्यांत द्यायची असते, पण उशिराने हक्क बुडत नाही. नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात. नोंद मंजूर झाली की उतारा काढून बघा, तुमचं नाव कब्जेदार सदरी हवं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

आणि दिरांनी आणलेल्या कागदाचे फोटो काढून ठेवा, सगळ्या पानांचे. मथळा नीट वाचा. हक्कसोडपत्र म्हणून दाखवतात आणि आतलं एखादं पान कुलमुखत्यारपत्राचं, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारं निघतं, हे मी माझ्या टेबलावर पाहिलेलं आहे.