निबंधाची उजळणी होते का?

निपाणीच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: 'कादंबरीवरचा माझा निबंध सरांनी परत दिला आणि पुन्हा नीट कर म्हणाले. या कामाला मराठीत काय म्हणायचं? उजळणी, संस्करण की पुनर्लेखन? कन्नड माध्यमातला मित्र 'परिष्करणे' म्हणतो. ते आपल्याकडे चालेल का?'

उजळणी तर नकोच. उजळणी पाढ्यांची होते, पाठ कवितेची होते, परीक्षेच्या आदल्या रात्री धड्यांची होते. जे आधीच ठरलेलं आहे तेच पुन्हा घोटायचं, तिथे हा शब्द. रिव्हिजन म्हटलं की अभ्यासही आला आणि लेख सुधारणंही आलं, घोळ तिथून सुरू होतो. निबंधाची उजळणी करायला बसलात तर तीच वाक्यं जरा बऱ्या अक्षरात उतरतील, दुसरं काही होणार नाही.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. बाबा पदमनजी बेळगावात जन्मले, 1831 साली. त्यांचं 'यमुनापर्यटन' 1857 मध्ये आलं आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बहुतेक जण त्याचंच नाव घेतात. समजा, तुमच्या पहिल्या खर्ड्यात वाक्य आहे: 'लेखकाने विधवांच्या दुःखाचे हृदयद्रावक चित्रण केले आहे.' यात चूक काहीच नाही, पण वादही काही नाही. पुस्तकाच्या लांबलचक नावातच 'विधवांच्या स्थितीचे निरूपण' असं छापलेलं आहे; ते सांगायला निबंध कशाला? आता प्रश्न बदलून बघा. निरूपणच करायचं होतं तर नायिकेला, यमुनेला, प्रवासाला का पाठवलं? मग कदाचित लिहाल: 'एकीमागून एक विधवा भेटत जाते, म्हणून एका घरातलं दुःख एका घरापुरतं राहत नाही; मात्र त्यामुळेच यमुना बराच वेळ नुसती ऐकणारी होऊन बसते.' यावर कुणी तुमच्याशी भांडू शकेल. आता परिच्छेदांचा क्रम बदलावा लागेल, कथानक सांगणारी दोन पानं उडतील, आणि तसं ऐकत बसलेली यमुना दाखवणारे उतारे मूळ पुस्तकातून नव्याने शोधावे लागतील. हे पुनर्लेखन. फेरलेखनही म्हणा, मला तो शब्द जास्त सुटसुटीत वाटतो.

परिष्करण मराठीत चालतं, पण आपल्याकडे ते भाषेला घासूनपुसून घेण्यापुरतं उरलंय. कन्नडमध्ये आवृत्तीच सुधारून काढली तरी 'परिष्कृत' म्हणतात, म्हणजे तुमच्या मित्राचा शब्द त्याच्या भाषेत बरोबरच आहे. फेरलेखन झाल्यावर शेवटचा हात फिरवायचा, त्याला परिष्करण खुशाल म्हणा. 'दिसून येते'च्या माळा तोडायच्या, एका ओळीत 'यमुना निघते' आणि पुढच्या ओळीत 'यमुना निघाली' असं झालं असेल तर एकच काळ धरायचा, ही ती कामं. संस्करण नको, आवृत्ती या अर्थाने ते हिंदीतून आलंय. हिंदीच्या तासामुळे काही मुलं 'निबंधाचं संशोधन केलं' असंही लिहितात. हिंदीत त्याचा अर्थ दुरुस्ती, मराठीत आणि कन्नडमध्ये मात्र शोधकाम.

कन्नडमधलं 'तिद्दु' मला फार आवडतं. पोराने अक्षर गिरवलं तरी तिद्दु, मास्तरांनी चूक दुरुस्त केली तरी तिद्दु. आपलं गिरवणं पाटीवरच थांबलं.

मित्राशी बोलताना एवढं सांभाळा. तुमचा निबंध त्याच्याकडे 'प्रबंध' होतो. आपल्याकडे प्रबंध म्हटलं की पीएचडीच आठवते. आणि 'कादंबरीची समीक्षा लिहायलोय' असं त्याला सांगू नका, कन्नडमध्ये समीक्षे म्हणजे पाहणी, घरोघरी जाऊन माहिती गोळा करतात ती. त्याला 'विमर्शे' म्हणा. कादंबरी तेवढी दोन्हीकडे कादंबरीच.