विधाने आणि निष्कर्ष: आधी सामान्यज्ञान बाजूला ठेव

हे बघ, या प्रश्नांत दिलेली विधानं खरी मानून त्यांतून कोणता निष्कर्ष नक्की निघतो ते ठरवायचं असतं, आणि तिथे आपलं सामान्यज्ञानच आड येतं. 'सर्व नद्या डोंगर आहेत, सर्व डोंगर पुस्तकं आहेत' असं दिलं असेल, तर 'सर्व नद्या पुस्तकं आहेत' हा निष्कर्ष बरोबरच. विधान पटतं का, हे कुणी विचारलेलंच नाही.

सगळ्यात जास्त मुलं 'काही'वर घसरतात. 'काही शिक्षक कवी आहेत' यावरून 'काही कवी शिक्षक आहेत' निघतं. पण 'काही शिक्षक कवी नाहीत' हे निघत नाही, कारण इथे 'काही' म्हणजे किमान एक. त्यात 'सर्व'ही बसू शकतात. पुढे 'काही कवी गायक आहेत' असं जोडलं, तरी शिक्षक आणि गायक यांच्याबद्दल काहीच ठरत नाही.

व्हेन आकृती (प्रत्येक गटासाठी एक वर्तुळ) एकच काढून थांबू नकोस. विधानं पाळणारी, पण निष्कर्ष मोडणारी आकृती मुद्दाम शोध. एक जरी सापडली, तरी निष्कर्ष बाद.

बँकेच्या परीक्षांत आणखी एक बघ: 'काही शिक्षक गायक आहेत' आणि 'एकही शिक्षक गायक नाही' हे दोन्ही निष्कर्ष वेगवेगळे बाद झाले, तरी उत्तर 'दोन्हींपैकी एक' असतं, कारण त्यांतलं एक खरं असणारच.