वर्षानुवर्षं ओलीस राहिलेला मुलगा सुटून आला की बाप-लेकाच्या भेटीत पुढे काय होतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, एक म्हणजे टीव्हीवर मिठी दाखवून झाली की पुढे काय होतं, आणि दुसरं म्हणजे इतक्या वर्षांनी सुटूनही काही मुलं आईबापाशी बोलत का नाहीत. मी आधी दुसऱ्याचंच उत्तर देतो, पहिल्याचं त्यातच येईल.

बो बर्गडाल नावाचा अमेरिकन सैनिक. ३० जून २००९ ला अफगाणिस्तानात स्वतःहून चौकी सोडून निघाला आणि तालिबानच्या हाती लागला. ३१ मे २०१४ ला सुटला, बदल्यात ग्वांतानामो या अमेरिकेच्या लष्करी तुरुंगातले पाच तालिबानी सोडावे लागले. त्याचा बाप बॉब आयडाहोत पार्सल पोचवणारा ड्रायव्हर. या माणसाने मधल्या काळात छातीपर्यंत दाढी वाढवली, पश्तो शिकायला घेतली, व्हिडिओ काढून पाकिस्तानच्या लष्कराला विनवण्या केल्या. सुटकेच्या दिवशी व्हाइट हाऊसच्या बागेत ओबामांच्या शेजारी उभं राहून तो मुलाला उद्देशून पश्तोत बोलला, कारण मुलाला इंग्रजी बोलायला जड जातंय असं त्याला कळलं होतं. विचार करा, बाप मुलासाठी परकी भाषा शिकतो आणि तेवढ्यात मुलाची स्वतःचीच भाषा अडखळायला लागलेली असते. आणि त्यानंतर? मुलगा आधी जर्मनीतल्या लष्करी हॉस्पिटलात, मग टेक्सासला, आणि कित्येक आठवडे झाले तरी आईबापाशी फोनवरसुद्धा बोलणं नाही.

लोकांनी लगेच निष्कर्ष काढले, की मुलगा कृतघ्न आहे, नाहीतर बापाचंच काहीतरी चुकलं असणार. मला दोन्ही पटत नाही. कैदेत माणसाने कधी जेवायचं, कधी झोपायचं, दिवा कधी लागणार, कोणाशी बोलायचं हे सगळं दुसराच ठरवत असतो. त्यामुळे सुटल्यावर डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ त्याच्या हातात सगळ्यात आधी परत काय देतात तर ठरवण्याचा हक्क. आज जेवायला काय, खिडकी उघडी ठेवायची का बंद, अशा बारीक गोष्टींपासून सुरुवात होते, आणि घरच्यांना कधी भेटायचं तेही त्यातच आलं. अमेरिकन लष्करात तर ही ठरलेली पद्धतच आहे, आधी तपासण्या, मग काय काय झालं ते सांगणं, आणि घरच्यांची भेट शेवटच्या टप्प्यात. शिवाय एक गोष्ट सगळे विसरतात, पकडला जायच्या आधी बाप-लेकात जे काही होतं, चांगलं वाईट, ते कैदेने पुसून जात नाही हो.

सगळीकडे असं थांबवून ठेवत नाहीत. इस्रायलमध्ये भेट त्याच दिवशी होते. गिलाद शालित या इस्रायली सैनिकाला हमासच्या लोकांनी २५ जून २००६ ला पकडलं तेव्हा तो १९ वर्षांचा होता, १८ ऑक्टोबर २०११ ला सुटला तेव्हा २५ चा. रेड क्रॉसलाही त्याला भेटू दिलं नव्हतं. २००९ मध्ये त्याचा एक छोटा व्हिडिओ मिळाला, तोही इस्रायलने २० पॅलेस्टिनी कैदी बायका सोडल्यावर. त्याचे वडील नोआम २०१० मध्ये घरापासून जेरुसलेमपर्यंत चालत गेले आणि पंतप्रधानांच्या घरासमोर तंबू ठोकून बसले ते सुटकेपर्यंत. शेवटी १०२७ पॅलेस्टिनी कैद्यांच्या बदल्यात सुटका झाली. (त्यातल्या काहींना हद्दपार केलं, म्हणजे त्यांच्या घरी वाट बघणाऱ्या बापांना ही मिठीसुद्धा मिळाली नाही, ते कोणी फारसं दाखवलं नाही.) भेट झाली हवाई दलाच्या तळावर, आणि बाप-लेकाच्या मिठीच्या त्या फोटोत बाजूला पंतप्रधान नेतान्याहू उभे, त्यावरून नंतर इस्रायली लोकांनीच भरपूर मीम बनवले.

पण त्याच संध्याकाळी घराबाहेर नोआम जे बोलले ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलाला छर्ऱ्यांच्या जखमा आहेत, ऊन मिळालेलं नाही, आणि इतकी वर्षं एकटा राहिल्यामुळे, स्वतःच्या भाषेत कोणाशी बोलायला न मिळाल्यामुळे त्याला जास्त माणसांत बसणं जड जातंय, साधारण असं. म्हणजे पहिल्याच दिवशी बाप गर्दीला सांगत होता की जरा लांब राहा.

माझ्या मते बापासाठी सगळ्यात अवघड भाग हाच असतो. पाच पाच वर्षं तो सतत काहीतरी करत असतो, मोर्चे, मुलाखती, मंत्र्यांच्या दारात खेटे, आणि मुलगा आला की त्याने फारसं काहीच करायचं नसतं. साधं जेवणच घ्या. बारीक झालेलं पोर बघून पोटभर खायला घालावं असं कोणाही बापाला वाटणार, आणि नेमकं तेच धोक्याचं असतं, कारण फार काळ उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक जास्त अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली येतं आणि हृदयावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर मोजून मापून वाढवत नेतात, बापाने फक्त बघत बसायचं. प्रश्न विचारायचे नाहीत. मिठीसुद्धा मुलाने पुढे होऊन मारली तर.

आता ती टीव्हीवरची मिठी. १९७३ मध्ये व्हिएतनाममधून सुटलेले अमेरिकन युद्धकैदी कर्नल स्टर्म यांचा फोटो जगभर गाजला, मुलगी हात पसरून धावत येतेय, मागून बाकीचं कुटुंब, त्याला पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिकही मिळालं. तिथे सुटून आलेला बाप होता आणि पळत येणारी मुलं. पण काही दिवसांपूर्वीच बायकोचं संबंध तोडणारं पत्र त्यांच्या हातात पडलेलं होतं, पुढे घटस्फोटही झाला. तो फोटो मुलांनी आपापल्या घरी लावला, स्टर्म यांनी स्वतःच्या घरात कधी लावला नाही.